केऑटिक प्रकीर्णन
अनियमित आकाराच्या पोकळीत किंवा गुंतागुंतीच्या अणुकेंद्रात शिरलेला तरंग आत अनेकदा परावर्तित होऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या तीव्रतेत कंप्रतेगणिक होणाऱ्या चढउतारांचा संभाव्यतेच्या अंगाने केलेला अभ्यास या नोंदीत अभिप्रेत आहे. किरणांच्या वाटा सुरुवातीच्या किंचित फरकानेही झपाट्याने फाकत असल्यामुळे (यालाच केऑटिक वर्तन म्हणतात) ठरावीक कंप्रतेला तरंग कोठून किती बाहेर पडेल हे आकाराच्या बारीकसारीक तपशिलावर ठरते. चढउतारांचे वंटन, म्हणजे कोणती तीव्रता किती वेळा आढळते याचे प्रमाण, मात्र त्या तपशिलाला फारसे जुमानत नाही.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लेसर आणि त्वरक (कणांना वेग देणारी यंत्रे) या दोन्हींवर काम चालते, आणि दोन्ही या विषयाच्या शेजारचे आहेत. खडबडीत भिंतीवर पाडलेला लेसरचा ठिपका दाणेदार दिसतो. एकाच ध्रुवणाचा प्रकाश मोजल्यास तीव्रतेचे वंटन घातीय येते, म्हणजे प्रमाण विचलन सरासरीइतकेच असते आणि सुमारे ६३ टक्के जागी तीव्रता सरासरीहून कमी भरते. येथे यादृच्छिकता भिंतीच्या खडबडीतपणातून येते, तर केऑटिक पोकळीत ती निव्वळ आकारातून उद्भवते. तरीही अनुस्पंदने, म्हणजे ठरावीक कंप्रतांना होणारी तीव्र आंदोलने, एकमेकांवर चढलेली असतील तर वंटन तेच मिळते. अणुकेंद्रीय विक्रियांत असे चढउतार दिसतील हे टॉर्लीफ एरिक्सन यांनी १९६० च्या सुमारास दाखवले होते. त्वरकातली गरज नेमकी उलट असते. या केंद्रातील ‘इंडस-२’ त्वरकाच्या ५०५.८ मेगाहर्ट्‌झच्या पोकळ्यांत एकच अनुस्पंदन हवे असल्याने त्यांचा आकार मुद्दाम सममित ठेवतात.

सैद्धांतिक पाया यादृच्छिक आव्यूहांचा, म्हणजे ज्यांतील संख्या संभाव्यतेने निवडल्या आहेत अशा मॅट्रिक्सांचा आहे. भौतिकशास्त्रज्ञ विग्नर यांनी ते अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्यांसाठी वापरले आणि डायसन यांनी १९६२ मध्ये सममितीनुसार त्यांचे तीन वर्ग पाडले. बोहिगास, जियान्नोनी व श्मिट यांनी १९८४ मध्ये साध्या केऑटिक प्रणालींच्या पातळ्यांनाही हेच नियम लागू पडतात अशी अटकळ मांडली. ब्ल्यूमेल व स्मिलान्स्की यांनी १९८८ पासून ती वाट प्रकीर्णनापर्यंत नेली.

या सिद्धांतानुसार कालव्युत्क्रम सममिती (काळ उलटा फिरवला तरी नियम तेच राहणे) टिकून असेल आणि तरंगाच्या ये-जा करण्याची दारे पूर्ण खुली असतील, तर आलेल्या दारानेच परतणारी सरासरी तीव्रता इतर कोणत्याही एका दारातून निघणाऱ्या तीव्रतेच्या दुप्पट असते, कारण प्रत्येक वाट आणि तिची उलटी वाट समान कलेने (शिखरावर शिखर येऊन) भेटतात. सपाट धातूच्या पोकळ्यांत सूक्ष्मतरंग सोडून अशी भाकिते पडताळता येतात. भिंतींतील शोषण तेवढे हिशेबात धरावे लागते. आत चुंबकित फेराइट (लोहयुक्त चुंबकीय पदार्थ) ठेवले की ही सममिती मोडते आणि ते गुणोत्तर २ वरून १ कडे उतरते.