वजनदार पक्षी निवडले, तरी थव्याचं वजन वाढेना

वाढीसाठी सर्वांत चांगले ठरणारे पक्षी निवडायचे, त्यांचीच पुढची पैदास करायची, आणि हे एकदा-दोनदा नाही, २३ वेळा करायचं. इतकं केल्यावर थव्याचं सरासरी वजन वाढणारच, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले विल्यम म्यूर यांनी जपानी लाव्यांवर, म्हणजे बाजारात बटेर म्हणून विकल्या जाणाऱ्या पक्ष्यांवर, हा प्रयोग केला. सहाव्या आठवड्याचं वजन होतं तिथेच राहिलं, उलट किंचित उतरणीला लागलं. मरणाऱ्या पक्ष्यांचं प्रमाण मात्र वाढत गेलं. २००५ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष पशुपैदाशीच्या साऱ्या शास्त्राला विचार करायला लावणारा आहे. पण तो नीट कळण्यासाठी आधी पैदासकाराचा हिशोब पाहायला हवा.

काही गुण एकाच जनुकावर ठरतात, आणि तिथे हिशोब सरळ असतो. पक्ष्यांमध्ये नराकडे झेड गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. लाव्याची पिसं तपकिरी करणारा एक जनुकीय बदल या झेड गुणसूत्रावर असतो. तपकिरी नर आणि नेहमीच्या रंगाची मादी यांची जोडी लावली, तर सगळ्या मुली तपकिरी होतात आणि सगळे मुलगे नेहमीच्या रंगाचे. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं त्याच दिवशी नर की मादी हे रंगावरून सांगता येतं.

वजनाचं तसं नाही. त्यामागे शेकडो जनुकं असतात, प्रत्येकाचा वाटा बारीक असतो, आणि त्यात खाद्य, तापमान, आजारपण यांचीही भर पडते. म्हणून पैदासकार एकच प्रश्न विचारतो: पक्ष्यापक्ष्यांमधल्या फरकाचा किती भाग पुढच्या पिढीत उतरतो? या प्रमाणाला आनुवंशिकता म्हणतात. समजा, थव्याची सरासरी १२० ग्रॅम आहे आणि निवडलेल्या आईबापांची १४० ग्रॅम. आनुवंशिकता ०.४ असेल, तर २० ग्रॅमच्या फरकातले ८ ग्रॅम पिल्लांना मिळतात आणि त्यांची सरासरी १२८ ग्रॅमच्या आसपास येते. वजनाची आनुवंशिकता बऱ्यापैकी असते, म्हणून ते झपाट्याने वाढवता येतं. प्रजननक्षमतेची फार कमी, ०.१च्या आगेमागे. तिथे प्रगती मुंगीच्या पावलांनी होते.

हा हिशोब किती दूर नेतो याचा उत्तम पुरावा मांसल कोंबड्यांचा आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ आणि १९७८ सालच्या कोंबड्यांची घराणी पुढे कुठलीही निवड न करता तशीच जपून ठेवली होती. त्यांची पिल्लं आणि २००५ सालच्या व्यापारी जातीची पिल्लं एकाच खाद्यावर, एकाच वातावरणात वाढवली. ५६व्या दिवशी १९५७च्या कोंबडीचं वजन ९०५ ग्रॅम, १९७८च्या कोंबडीचं १,८०८ ग्रॅम आणि २००५च्या कोंबडीचं ४,२०२ ग्रॅम भरलं. खाद्य तेच, निगा तीच. हा सगळा फरक जनुकांच्या निवडीतून आलेला आहे.

त्याची किंमत कोंबड्याच मोजतात. झपाट्याने वाढण्यासाठी भूक मोठी लागते, म्हणून निवडीबरोबर भूकही वाढत गेली. पैदाशीसाठी राखलेल्या आईबापांना पोटभर खाऊ दिलं तर ते लठ्ठ होतात, पाय अधू होतात आणि अंडी घटतात. त्यामुळे त्यांना मोजूनमापूनच खायला मिळतं. भूक वाढवणारी जनुकं आपणच निवडायची आणि त्या भुकेल्या जिवाला अर्धपोटी ठेवायचं, हे मला या शास्त्रातलं सर्वांत दुखरं ठिकाण वाटतं.

असे परिणाम वेळीच दिसावेत म्हणून संशोधकांना लावा हवासा वाटतो. त्याचं अंडं जेमतेम १० ग्रॅमचं, ते उबायला सतरा-अठरा दिवस लागतात, आणि साधारण सहा आठवड्यांची मादी अंडी घालू लागते. वर्षात तीन-चार पिढ्या आरामात होतात. गायीच्या बाबतीत एका वळूच्या मुली दूध देऊ लागेपर्यंत चार-पाच वर्षं निघून जातात. शिवाय लावा आणि कोंबडी एकाच कुळातले आहेत. दोघांच्या गुणसूत्रांची संख्याही ७८ आहे, त्यामुळे एकात दिसलेली गोष्ट दुसऱ्यात कुठे शोधावी हे कळतं.

लाव्याची एक नाजूक बाजूही आहे. सख्ख्या भावंडांची जोडी लावली की पिल्लांमधलं अंतःप्रजनन, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, पहिल्या पिढीत २५ टक्के होतं, दुसरीत ३७.५ आणि तिसरीत ५०. लाव्यांमध्ये हा क्रम चालू ठेवला, तर बहुतेक घराणी तीन-चार पिढ्यांतच संपतात. अंडी फळत नाहीत, फळली तर उबत नाहीत, उबली तर पिल्लं जगत नाहीत. कारण प्रत्येक जिवात काही घातक जनुकं एकेका प्रतीत दडून असतात. नात्यातल्या जोड्यांमध्ये तीच प्रत आईकडूनही येते आणि बापाकडूनही. छोट्या थव्यातून वर्षानुवर्षं पैदास करणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत.

शरीराचं मोजमाप सोपं, पण स्वभावाचं काय? फ्रान्समध्ये अँड्र्यू मिल्स आणि झां-मिशेल फोर यांनी १९९१ साली याचं सुरेख उत्तर दिलं. लाव्याच्या पिल्लाला पाठीवर उताणं करून काही क्षण धरलं आणि सोडलं, की ते मेल्यासारखं निपचित पडून राहतं. शिकाऱ्यापासून वाचण्याची ही उपजत युक्ती आहे. भीती जितकी जास्त, तितका वेळ ते पडून राहतं. त्यांनी लवकर उठणारी पिल्लं आणि खूप वेळ पडून राहणारी पिल्लं यांची वेगवेगळी पैदास केली आणि दोन निराळी घराणी तयार झाली. दुसऱ्या चाचणीत पिल्लाला सरकत्या पट्ट्यावर ठेवलं जाई. समोर सोबती दिसत असत, आणि त्यांच्याकडे जाण्यासाठी पिल्लू किती धावतं ते मोजलं जाई. तिथेही सोबतीसाठी जिवाच्या आकांताने धावणारी आणि फारशी न धावणारी, अशी दोन घराणी वेगळी काढता आली. २०२०मध्ये लाव्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा या दोन घराण्यांची तुलनाही झाली. निवडीच्या खुणा दिसलेल्या भागांत काही जनुकं अशी होती, ज्यांचा माणसातल्या स्वमग्नतेशी संबंध आढळला आहे.

म्हणजे भीती आणि सोबतीची ओढ यांनाही आनुवंशिक पाया आहे. दांडगाईलाही असणारच. म्यूर यांच्या कोड्याचं उत्तर इथेच आहे.

पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं वजन केवळ त्याच्या स्वतःच्या जनुकांवर ठरत नाही. शेजारी त्याला खाद्याजवळ येऊ देतो की टोचून हाकलतो, हे शेजाऱ्याच्या जनुकांवरही अवलंबून असतं. आपण सर्वांत वजनदार म्हणून जो निवडतो, तो कदाचित इतरांच्या वाटणीचं खाऊन वजनदार झालेला असतो. त्याची मुलं, नातवंडं एकाच पिंजऱ्यात आली की सगळेच दांडगे, आणि ढकलायला कुणी दुबळा उरत नाही. म्यूर यांनी लाव्यांचं दुसरं घराणं वेगळ्या हिशोबाने निवडलं. प्रत्येक पक्ष्याच्या जनुकांचा स्वतःच्या वजनावर काय परिणाम होतो आणि सोबत्यांच्या वजनावर काय, हे दोन्ही एकत्र धरलं. या घराण्याचं वजन दर खेपेला सरासरी अर्ध्या ग्रॅमने वाढत गेलं, आणि मृत्यूंचं प्रमाण पहिल्या घराण्यासारखं चढलं नाही. यासाठी कुठलंही नवं मोजमाप लागलं नाही. तीच वजनं, तीच वंशावळ. फक्त आकडेमोड बदलली. याआधी १९९६ साली त्यांनी अंडी देणाऱ्या कोंबड्यांमध्ये एकेकटी कोंबडी न निवडता पिंजऱ्यातल्या बहिणींचा सगळा गट निवडून पाहिला होता. अवघ्या काही पिढ्यांत वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण ६८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांच्या खाली आलं. टोचाटोची ही कोंबड्यांची नियती नव्हती, निवडीच्या पद्धतीतला दोष होता.

गायींमध्ये असा दोष उघड व्हायला अर्धं शतक लागलं. १९६२ साली जन्मलेल्या पॉनी फार्म अर्लिंडा चीफ या होलस्टीन वळूच्या मुली इतक्या दुधाळ निघाल्या, की कृत्रिम रेतनातून त्याचं रक्त जगभर पसरलं. अमेरिकेतल्या होलस्टीन गायींच्या जनुकसंचाचा सुमारे १४ टक्के भाग त्याच्याकडून आलेला आहे. २०११मध्ये हजारो जनावरांच्या जनुकनोंदी तपासताना संशोधकांना एक पोकळी दिसली. पाचव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा एकेका प्रतीत अनेक गायींमध्ये होता. मग काहींमध्ये तो दोन्ही प्रतींत असायलाच हवा होता. तसं एकही जिवंत जनावर सापडलं नाही. दोन्ही प्रती मिळालेली वासरं गर्भातच मरत होती. मूळ बिघाड एका जनुकात निघाला, आणि तो चीफकडून आलेला होता. जगभरात त्यामुळे पाच लाखांहून अधिक गर्भपात झाले, असा अंदाज आहे. नुकसान सुमारे ४२ कोटी डॉलरचं. त्याच वळूमुळे वाढलेल्या दुधाचं मोल मात्र ३० अब्ज डॉलर धरलं गेलं आहे. म्हणूनच इतकी वर्षं कुणाला शंका आली नाही.

अमेरिकेत २००९पासून होलस्टीन वळूंचं मूल्यमापन अधिकृतपणे जनुकचाचणीवरून होऊ लागलं. मुलींच्या दुधाची वाट न पाहता वासरू लहान असतानाच त्याची निवड होते, आणि वळूंच्या बापांचं पिढीअंतर, म्हणजे वळू जन्मतो तेव्हाचं त्याच्या बापाचं सरासरी वय, सुमारे ७ वर्षांवरून अडीच वर्षांच्या खाली आलं. गायीची पैदासही आता लाव्याच्या वेगाकडे सरकते आहे, त्यामुळे चुकीची निवडही तितक्याच वेगाने पसरू शकते. पण त्याच चाचणीत चीफचा तुकडा कुणाकडे आहे तेही कळतं. वाहक वळू वाहक गायीला लावला नाही, की त्या बिघाडाने एकही गर्भ मरत नाही, आणि त्यासाठी चीफचं दुधाळ रक्त टाकून द्यावं लागत नाही.