प्रवाळांचे प्रकाशानुकूलन (मत्स्यालयातील)

मत्स्यालयातील प्रवाळांना आधीपेक्षा तीव्र प्रकाशाची टप्प्याटप्प्याने सवय करून देण्याची पद्धत. नवा एलईडी दिवा बसवताना, जुन्या ट्यूबलाइट बदलताना किंवा मंद उजेडात वाढलेला तुकडा (फ्रॅग) दुसऱ्या टाकीत लावताना तिची गरज पडते. प्रवाळाला इजा होते ती बहुधा प्रकाश फार असतो म्हणून नव्हे, तर तो एकाएकी वाढतो म्हणून.

रीफ टाकीतील (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील) बहुतेक प्रवाळांच्या ऊतींत झूझँथेली ही एकपेशीय शैवाले राहतात. पृष्ठभागाच्या एका चौरस सेंटिमीटरमागे त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. प्रकाशसंश्लेषणातून बनलेल्या अन्नाचा मोठा वाटा ती यजमानाला देतात. उजेड कमी असला की प्रत्येक पेशीतील हरितद्रव्य वाढते आणि प्रवाळ गडद तपकिरी दिसतो. अशा प्रवाळावर प्रखर दिवा आला, तर पकडलेली सगळी ऊर्जा पेशीला वापरता येत नाही. त्यातून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात, प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि प्रवाळ आपली शैवाले गमावतो. मागे उरते पारदर्शक ऊती आणि तिच्याआडून दिसणारा पांढरा सांगाडा. हेच विरंजन.

जुळवून घेण्याची प्रक्रिया एकाच वेगाने होत नाही. शैवालांतील झँथोफिल रंगद्रव्ये काही मिनिटांत रूप बदलून जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतात. हरितद्रव्याचे प्रमाण आणि शैवालांची संख्या बदलायला मात्र दिवस, कधी आठवडे लागतात. पॉल फॉल्कोव्स्की आणि झ्वी डुबिन्स्की या संशोधकांनी १९८१ मध्ये तांबड्या समुद्राच्या उत्तरेकडील एलातच्या आखातातील स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळाबद्दल हेच दाखवले : एकाच जातीच्या सावलीतल्या वसाहती गडद, उन्हातल्या फिकट. म्हणजे फिकट रंग हे नेहमीच आजाराचे लक्षण नसते. हळूहळू आलेला फिकेपणा जुळवून घेतल्याची खूण असू शकतो. दोन-तीन दिवसांत आलेला पांढरेपणा मात्र धोक्याचा.

डोळ्यांवर विसंबून दिवा लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. माणसाच्या डोळ्याला हिरवा-पिवळा प्रकाश ठळक जाणवतो, निळा मंद वाटतो. त्यामुळे निळ्या एलईडीखालची टाकी अंधुक भासली, तरी प्रवाळापर्यंत भरपूर फोटॉन पोचत असतात. म्हणून ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘पार’), पार मीटरने मोजतात. एकक मायक्रोमोल फोटॉन प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. उष्ण कटिबंधातील समुद्रपृष्ठावर भर दुपारी हा आकडा २,००० च्या आसपास असतो. टाकीत सॉफ्ट कोरलना (दगडी सांगाडा नसलेल्या मऊ प्रवाळांना) साधारण ५० ते १५० पुरतात, अॅक्रोपोरासारख्या एसपीएस प्रवाळांना (दगडी सांगाडा आणि बारीक पॉलिप, म्हणजे वसाहतीतील सुटे जीव, असलेल्या) २५० ते ४०० देतात. पण ८० वर वाढलेला अॅक्रोपोरा एका दिवसात ३०० वर नेला, तर त्याच्या जातीला मानवणारा आकडाही त्याला भाजून काढतो.

फ्रॅग कुठल्या उजेडाखाली वाढला, हे म्हणूनच विकत घेताना विचारावे. (भारतात भित्तिकारक प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मालवणच्या समुद्रातून तुकडा तोडून टाकीत लावणे हा गुन्हा आहे.) उत्तर मिळाले नाही, तर मंद उजेडापासूनच सुरुवात करावी. दिव्याची तीव्रता निम्म्यावर आणून दर आठवड्याला सुमारे ५ टक्क्यांनी वाढवणे ही सर्वांत सोयीची रीत. तीव्रता कमी करता येत नसेल तर दिवा उंच टांगतात, किंवा टाकीवर खिडकीच्या जाळीचे तीन-चार थर घालून दर काही दिवसांनी एकेक काढतात. एकटाच फ्रॅग नवा असेल तर तो तळाच्या वाळूवर ठेवून हळूहळू वरच्या खडकावर नेतात. मात्र प्रत्येक वेळी पाण्याचा प्रवाहही बदलतो, म्हणून शक्य तेव्हा प्रवाळ न हलवता दिवाच बदलावा.

दिव्याला हात न लावताही उजेड वाढतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पिवळसर झालेल्या पाण्यात नवा सक्रिय कोळसा टाकला किंवा झाकणाच्या काचेवरचा क्षारांचा थर पुसला, की तळापर्यंत अचानक जास्त प्रकाश पोचतो. अशा दिवशी दिव्याची तीव्रता थोडी कमी ठेवावी. पाणी तापलेले असताना किंवा फॉस्फेट जवळपास शून्यावर असताना तर उजेड वाढवूच नये. दोन्ही स्थितींत प्रवाळाची सहनशक्ती घटते. उजेड मानवला की सांगाड्याची वाढ वेग घेते आणि कॅल्शियम व क्षारता पूर्वीपेक्षा लवकर उतरू लागतात, म्हणून त्यांची तपासणी वाढवावी लागते.

पॉलिप दिवसभर मिटलेले राहिले किंवा दिव्याकडची बाजू तेवढी पांढरी पडली, तर लगेच मागच्या पायरीवर यावे. विरंजित प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. ऊती शाबूत असेल तर त्याला सावलीत ठेवावे. मोठ्या पॉलिपच्या जातींना बारीक अन्न भरवावे. तपकिरी छटा परतायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.