शिरोलीच्या पुलावर नाचलेलं स्टेअरिंग

मित्रानं सेकंडहँड फोर बाय फोर जीप घेतली आणि पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघं पुणे-बंगळूर हायवेला लागलो. कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेच्या पुलावरचा सांधा आला, पुढच्या चाकांना हलकासा दणका बसला आणि स्टेअरिंग त्याच्या हातातच नाचायला लागलं. वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास. बोनेट थडथडतंय, आरसा धूसर झालाय, आणि मित्राचा चेहरा बघण्यासारखा. त्यानं ॲक्सिलरेटर सोडला, तरी थरथर थांबेना. काटा ३५ च्या खाली आला, तेव्हा कुठं गाडी काही झालंच नाही अशा थाटात सरळ चालू लागली.

गॅरेजच्या भाषेत याला वॉबलिंग म्हणतात. पहिला सल्ला सगळीकडून एकच मिळतो, ‘चाकं बॅलन्स करून घे.’ घेतली. अलाइनमेंटही करून झाली. पूल तोच, नाच तोच.

आमच्या लक्षात न आलेली गोष्ट म्हणजे ती थरथर ६० ला सुरू झाली, पण ६० च्या खाली येताच थांबली नाही. चाकाचा तोल बिघडला असता तर असं झालं नसतं. तोल बिघडलेलं चाक दर फेऱ्याला एक धक्का देतं. एका ठरावीक वेगाला त्या धक्क्यांचा ताल गाडीच्या अंगच्या तालाशी जुळतो, कंप वाढतो आणि वेग बदलला की ओसरतो. तिथं ढकलणारा बाहेर असतो. नागपंचमीच्या झोक्यावर बसलेल्या पोराला मागून कुणीतरी ढकलावं, तसं. पण थोडं मोठं पोर झोक्यावर उभं राहतं आणि गुडघे वाकवत, ताठ करत स्वतःच झोका चढवत नेतं. सुरुवातीला एक हिसका पुरतो, पुढचा जोर त्याचा त्यालाच पुरवता येतो. वॉबलिंग या दुसऱ्या जातीचं.

पोराकडे पायांचा जोर असतो. चाकाकडे काय असतं? गाडीचा वेग. चाक किंचित डावीकडे वळलं की टायरचं रबर आधी पिळतं आणि चाक थोडं पुढं घरंगळल्यावरच जमिनीचा पूर्ण आडवा जोर लागू होतो. हा उशीर सगळ्या दुखण्याचं मूळ. सरळ करणारा जोर उशिरा येतो, चाक मधली जागा ओलांडून उजवीकडे जातं, तिथूनही परतायला उशीर. प्रत्येक हेलकाव्यात पुढं जाण्याच्या ऊर्जेतला थोडा हिस्सा आडव्या नाचात वळतो. स्टेअरिंगचे सांधे घट्ट असतील तर घर्षण तो हिस्सा लगेच खाऊन टाकतं. ढिले असतील तर नाच वाढत जातो. शांत चाकाला जागचं हलवायला दणका लागतो, पण एकदा मोठा हेलकावा सुरू झाला की तो कमी वेगातही स्वतःला पोसत राहतो. ६० आणि ३५ मधला फरक तो हाच.

जुन्या जीप यात जास्त सापडतात, त्याचं कारण त्यांच्या बांधणीत आहे. महिंद्राच्या जुन्या जीप घ्या किंवा १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सी, दोन्हींत पुढची चाकं एकाच अखंड ॲक्सलवर बसतात आणि तो ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर. एक चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा ॲक्सल तिरका होतो, म्हणजे दोन्ही फिरती चाकं तिरकी होतात. सायकलचं चाक काढून त्याचा आस दोन्ही हातांत धरा, कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा आणि मग तिरकं करून बघा. ते भलतीकडेच वळू पाहतं. जीपची चाकंही तेच करतात, मग वर-खाली होणं आणि डावं-उजवं वळणं एकमेकांना चढवत नेतात. अमेरिकी मोटारींत १९३४ च्या सुमारास पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आली, त्यामागं ही थरथरही एक कारण होती. खडकाळ वाटेवर मात्र अखंड ॲक्सलच्या दणकटपणाला तोड नाही. त्यामुळं ज्यांना दाजीपूरच्या बाजूला चिखलात लोळायचं असतं, ते हा सौदा खुशीनं करतात.

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. पाना हातात घ्यायच्या आधी त्यांनी विचारलं, “कवा थरथरती? खड्डा लागल्यावर, का येग धरला की आपली आपण? आन् थांबती कवा?” एवढ्या तीन प्रश्नांत बॅलन्सिंग बाद झालं. मग त्यांची नजर स्टेअरिंग डॅम्परवर गेली. सगळी गाडी धुळकट आणि हा नळकांड्यासारखा भाग तेवढा कोरा करकरीत. आधीच्या मालकानं विकायच्या तोंडावर बसवलेला. डॅम्पर आतल्या तेलात हेलकाव्याची ऊर्जा जिरवतो, म्हणून नवा घातला की काही दिवस सगळं गप्प होतं. “रोग हाय तितंच हाय,” मिस्त्री म्हणाले, “नुसतं त्वांड दाबलंय त्येचं.” सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा हा एक भाग जरूर बघा.

डॅम्पर काढून ठेवला. चाकं जमिनीवरच, मित्र आत बसून स्टेअरिंग चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे हलवतोय, आणि मिस्त्री खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवतायत. स्टेअरिंगचा जोर चाकांकडे नेणारी ड्रॅग लिंक, दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा म्हणजे टाय रॉड एंड, पाट्यांचे बुश, स्टेअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट. डोळ्याला न दिसणारी चाल बोटाला कळते. एक टाय रॉड एंड तिथंच ढिला सापडला. मला वाटलं, संपलं. त्यांना वाटलं नाही.

पुढचं चाक जॅकवर उचलून त्यांनी वर-खाली धरून हलवलं. खडखड. “आता ब्रेक दाब.” मित्रानं दाबला, तरी खडखड तशीच. ही युक्ती मला फार आवडली. ब्रेक लागला की चाक ज्यावर बसतं तो हब आणि त्यामागचा, चाकाला वळवणारा नकल एकमेकांना जखडले जातात. चाकाच्या बेअरिंगमधली चाल असेल तर ती तिथंच नाहीशी होते. उरली, म्हणजे दोष आणखी आत, नकल ज्यावर वळतो त्या किंग पिनमध्ये.

उघडल्यावर खालच्या किंग पिन बेअरिंगमध्ये गंज निघाला. ओढ्याचं पाणी फाटक्या सीलमधून आत शिरलेलं आणि ग्रीस धुऊन गेलेलं. त्याहून बघण्यासारखे होते ते बेअरिंगच्या वाटीतले खड्डे, ओळीनं पडलेले. गाडी आयुष्यातला बहुतेक काळ सरळ जाते, म्हणून रोलर एकाच जागी बसून दणके खातात आणि नेमकी तीच जागा ठोकली जाते. स्टेअरिंग बॉक्सचे दातेही याच कारणानं मधोमध जास्त झिजतात. ती चाल काढायला वरचा स्क्रू कुणी जास्तच आवळला, तर सरळ जाताना बरं वाटतं आणि वळणावर स्टेअरिंग अडकतं. आमच्याकडे कुणी तो उद्योग केला नव्हता, एवढं नशीब.

नवी बेअरिंग घातली, शिम, म्हणजे मधल्या पातळ चकत्या, कमी-जास्त केले. नकल किती जोर लावल्यावर फिरतो हे मिस्त्रींनी स्प्रिंगच्या ताणकाट्यानं ओढून मोजलं. फार सैल नको, फार घट्टही नको. मग डॅम्पर न लावताच आम्ही तिघं बेतानं वेग वाढवत पुलावर गेलो. सांध्यावर दणका बसला, स्टेअरिंगला एक झटका आला आणि जिथल्या तिथं विरला. डॅम्पर त्यानंतर चढवला.

महिन्याभरानं गगनबावड्याहून परतताना पुन्हा थरथर. मित्राचा जीव खाली-वर. पण या वेळी दणका नव्हता लागला आणि वेग कमी केला की ती लगेच जात होती. मिस्त्रींनी रिमच्या आतल्या बाजूला स्क्रूड्रायव्हर घातला आणि वाळलेल्या तांबड्या मातीचं ढेकूळ खाली पाडलं. पाव किलो तरी असेल. घरी येऊन हिशेब मांडला: ताशी ६० ला ते चाक सेकंदाला जवळपास ८ फेरे घेतं, आणि रिमला चिकटलेली एवढी माती दर फेऱ्याला सुमारे १२ किलोच्या वजनाइतक्या जोरानं चाकाला ओढते. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, पण माती आमच्याकडूनच झाडून घेतली.