न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करायचीय? परीक्षा, पात्रता आणि कागदपत्रं

न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूचा आणि मज्जासंस्थेचा अभ्यास, हे फक्त बायोलॉजीवाल्यांचं काम, असं अजून खूप जणांना वाटतं आणि मग फिजिक्सची, इंजिनियरिंगची, सायकॉलॉजीत एमए केलेली चांगली चांगली मुलं फॉर्मच भरत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरला हे सगळे चालतात, एमबीबीएसवालेसुद्धा. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या (आयआयएससी) सेंटर फॉर न्यूरोसायन्समध्येही इंजिनियर असतात. मेंदूतले सिग्नल मोजायचे तर गणित येणारी माणसं लागतातच ना.

आता परीक्षा. सीएसआयआर नेट या विज्ञान विषयांच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला एमएस्सीला ५५ टक्के लागतात, एससी, एसटी, नॉन क्रीमी लेयर ओबीसी आणि दिव्यांगांना ५०, आणि शेवटच्या वर्षाला असाल तरी बसता येतं. त्यातून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफला (सीनियर फेलोशिप) ४२,०००, घरभाडं वेगळं, त्यामुळे घरच्यांना "पुढे शिकून पैसे कुठून आणणार" याचं उत्तर देता येतं. बंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) आणि टीआयएफआर (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) इथल्या बायोलॉजीच्या पीएचडीसाठी डिसेंबरातली जेजीईईबीआयएलएस ही प्रवेश परीक्षा द्या. गेट या इंजिनियरिंग आणि विज्ञानाच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर ३ वर्षं चालतो. नुसती बीएस्सी झाली असेल तर जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयएससीच्या इंटिग्रेटेड पीएचडीला (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) जाता येतं. गेट आणि जॅमचे फॉर्म सप्टेंबरच्या आसपास असतात, गणपतीच्या गडबडीत तारीख हुकू देऊ नका.

पण आपली मुलं खरी अडकतात ती कागदांत. माझ्या मैत्रिणीकडे नॉन क्रीमी लेयर होतं, तीन वर्षांची मुदत असलेलं, ती निवांत होती. इंटरव्ह्यूच्या दिवशी कळलं की ते राज्याच्या नमुन्यातलं आहे. केंद्राच्या संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी सर्टिफिकेट लागतं, तेही चालू आर्थिक वर्षातलं, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असली पाहिजे. म्हणून सेतूत अर्ज करतानाच "सेंट्रलचं पाहिजे" असं स्पष्ट सांगा आणि हातात आल्यावर वरचा मजकूर वाचून घ्या. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा राज्याचा प्रवर्ग आहे, केंद्रात चालत नाही, ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) बसत असाल तर त्याचं सर्टिफिकेट काढून ठेवा.

दुसरं नावाचं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं, शेवटी आईचं नाव आणि आधारवर क्रम वेगळा, कधी स्पेलिंगही वेगळं. दहावीच्या मार्कशीटवर जे आहे तेच सगळीकडे ठेवा, आधार आधीच दुरुस्त करून घ्या. ग्रेड असतील तर टक्केवारी स्वतःच्या मनाने काढू नका, विद्यापीठाचा फॉर्म्युला असलेलं पत्र घ्या.

शिफारसपत्रासाठी सरांना निदान तीन आठवडे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी लिंक थेट त्यांच्या मेलवर जाते आणि ती स्पॅममध्ये पडून राहते, तेव्हा फोन करून "सर, स्पॅम बघता का" असं विचारायला लाजू नका.

स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे पीएचडी का करायचीय ते सांगणाऱ्या लेखात, लहानपणापासून मेंदूचं कुतूहल होतं वगैरे लिहू नका, सगळेच लिहितात. डिझर्टेशनमध्ये नक्की काय केलं, कुठे फसलं, मग काय बदललं ते लिहा, कारण इंटरव्ह्यूत अर्धा वेळ त्यावरच जातो. आणि जाताना सगळी ओरिजिनल्स, दोन झेरॉक्स सेट आणि नोकरी करत असाल तर एनओसी एकाच फाइलमध्ये ठेवा.