पर्यायी इतिहासात गुलामगिरी आपोआप का संपते?

अमेरिकेचं यादवी युद्ध दक्षिणेने, म्हणजे गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांनी, जिंकलं असतं तर काय झालं असतं, या एका प्रश्नावर इंग्रजीत पर्यायी इतिहासाच्या, म्हणजे 'घडलं ते वेगळं घडलं असतं तर' अशा कल्पनेच्या, ढीगभर कथा-कादंबऱ्या आहेत. त्यातल्या अनेकींत विजयी दक्षिण काही वर्षांत स्वतःहून गुलाम मुक्त करते. हे खरंच शक्य होतं का, हा वाद आहे.

विन्स्टन चर्चिल यांच्या १९३० सालच्या निबंधात प्रत्यक्षात हरलेली गेटिसबर्गची लढाई जिंकून दक्षिणेचा सेनापती जनरल ली वॉशिंग्टनमध्ये शिरतो आणि दक्षिणेतली गुलामगिरी रद्द झाल्याचं जाहीर करतो. मॅकिन्ले कँटर यांच्या १९६० सालच्या मांडणीत दक्षिण १८८० च्या दशकात आपणहून गुलामगिरी सोडते. हॅरी टर्टलडव्ह यांच्या १९९२ च्या कादंबरीत दक्षिण आफ्रिकेतले वर्णद्वेष्टे भविष्यातून एके-४७ आणून देतात, पण राष्ट्राध्यक्ष झालेला ली टप्प्याटप्प्याने मुक्ततेचा कायदा आणतो. खऱ्या ली यांचा व्यवहार वेगळा होता. सासऱ्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे पाच वर्षांच्या आत मुक्त करायचे गुलाम आणखी काळ ठेवता यावेत म्हणून ते न्यायालयात गेले. मुक्तिपत्र झालं ते पाच वर्षं उलटल्यावर, डिसेंबर १८६२ मध्ये.

उदार दक्षिणेचं हे चित्र आलं ते युद्धानंतर रुजलेल्या 'लॉस्ट कॉज' (हरलेला लढा) या दक्षिणेची बाजू उजळ करणाऱ्या मांडणीतून. लढा राज्यांच्या हक्कांचा होता आणि गुलामगिरी तशीही मरणपंथाला लागली होती, असं ती सांगते. गुलाम पोसणं मालकांना परवडत नव्हतं, हे मत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतिहासकारांतही चालत होतं. १९५८ मध्ये कॉनराड आणि मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडून दाखवला की हा धंदा फायद्याचा होता. १८०८ पासून गुलामांच्या आयातीवर बंदी असूनही अमेरिकेतल्या गुलामांची संख्या १८१० ते १८६० मध्ये तिपटीहून जास्त वाढून साडेएकोणचाळीस लाखांवर गेली होती. कापूस वेचणारी यंत्रं बाजारात आली ती १९४० च्या दशकात. त्यामुळे 'यंत्र आलं की गुलाम नकोसे होतील' हा लेखकांचा आवडता तोडगा १८८० मध्ये बसत नाही.

त्याहून मोठी अडचण घटनेची आहे. दक्षिणेच्या १८६१ च्या राज्यघटनेत, कलम १, पोटकलम ९ मध्ये, गुलामांवरच्या मालकी हक्काला बाध आणणारा कायदा करण्यास काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, स्पष्ट मनाई होती. कलम ४ प्रमाणे मालक आपले गुलाम घेऊन कोणत्याही राज्यात जाऊ आणि राहू शकत होता. म्हणजे एखाद्या राज्याने स्वतःपुरती बंदी घातली असती तरी ती गळकी ठरली असती. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश राज्यांची मान्यता लागे, अकरापैकी आठ. साउथ कॅरोलिना आणि मिसिसिपीत तर निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते. मुक्ततेच्या बाजूने आठ राज्यांची मतं कुठून येणार, याचं उत्तर कादंबरीकाराने द्यायला हवं, आणि बहुतेक जण देत नाहीत.

दक्षिणेने स्वतःहून गुलाम सोडले असते असं म्हणणाऱ्यांकडे एक खरा पुरावा आहे. १३ मार्च १८६५ ला दक्षिणेच्या काँग्रेसने गुलामांना सैन्यात घेण्याचा कायदा केला. पण त्याच कायद्यात लिहिलं होतं की मालकाच्या आणि राज्याच्या संमतीशिवाय गुलामाच्या दर्जात बदल होणार नाही. पुढच्या तीन आठवड्यांत दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली. हरतानासुद्धा जे पूर्णपणे सोडलं नाही, ते जिंकल्यावर सोडलं असतं असं मानणं मला पटत नाही. टर्टलडव्ह यांच्याच नंतरच्या मालिकेत ब्रिटन आणि फ्रान्सच्या पाठिंब्याची किंमत म्हणून मुक्तता होते. ते अधिक पटतं, कारण तिथे बाहेरचा दाब आहे.

या सगळ्यात खुद्द गुलामगिरीत असलेले लोक गायब असतात. युद्धात हजारोंनी पळून ते उत्तरेच्या छावण्यांत पोहोचले; सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती मुक्तता माणसांनी घडवून आणली म्हणून. टेरी बिसन यांनी १९८८ मध्ये नेमकं हेच हाताळलं. त्यांच्या कादंबरीत, गुलामांचा उठाव घडवू पाहणाऱ्या जॉन ब्राउनचा हार्पर्स फेरी इथल्या शस्त्रागारावरचा १८५९ चा छापा, जो प्रत्यक्षात फसला, गुलामगिरीतून निसटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनच्या साथीने यशस्वी होतो आणि दक्षिणेत कृष्णवर्णीयांचं स्वतंत्र राष्ट्र उभं राहतं. त्या जगातही एक पर्यायी इतिहासाचं पुस्तक आहे, ज्यात ब्राउन हरतो आणि लिंकन युद्ध जिंकतो.

दुसरी वाट गुलामगिरी टिकवून धरण्याची. केव्हिन विल्मॉट यांचा २००४ चा चित्रपट खोट्या माहितीपटाच्या रूपात ती आजपर्यंत आणतो, आणि त्यातल्या जाहिरातींतली काही वर्णद्वेषी उत्पादनं खरोखर विकली जात होती हे शेवटी दाखवतो. पण जुलै २०१७ मध्ये एचबीओ वाहिनीने याच कल्पनेवरची 'कॉन्फेडरेट' मालिका जाहीर केली तेव्हा विरोधाची मोहीम उभी राहिली. तेव्हा संहिता लिहूनही झाली नव्हती. आक्षेप कल्पनेइतकाच तिच्या निवडीवर होता: दक्षिण जिंकलेलीच पुन्हा पुन्हा का रंगवायची? त्याच सुमारास अॅमेझॉनवर वेगळी मालिका जाहीर झाली, जिच्यात मुक्त झालेल्यांना भरपाई म्हणून लुइझियाना, मिसिसिपी आणि अलाबामा मिळतात. 'कॉन्फेडरेट' होणार नसल्याचं जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट झालं.