किर्कचा सल्ला, स्पॉकचं साम्राज्य: ‘मिरर, मिरर’ची पार्श्वभूमी

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेतल्या आरसा-विश्वावर (माणसं तीच, पण क्रूर साम्राज्यात राहणारी, असं समांतर विश्व) वाद सुरू झाला की तो फिरून फिरून एकाच प्रश्नाशी येतो: 1994 साली ‘डीप स्पेस नाइन’ या तिच्या उपमालिकेच्या लेखकांनी तिथल्या दाढीवाल्या स्पॉकच्या कर्तृत्वाची जी वासलात लावली, ती योग्य होती का? त्या वादाची मुळं 1967 च्या मूळ भागात आहेत. गोष्ट थोडक्यात अशी: आयन वादळात ट्रान्सपोर्टरचा, म्हणजे माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राचा, घोळ होतो आणि कप्तान किर्कसह चौघांची आरसा-विश्वातल्या त्यांच्या प्रतिरूपांशी अदलाबदल होते. स्पॉक हा किर्कचा तर्कनिष्ठ सहायक, व्हल्कन या परग्रही वंशाचा. तिकडच्या जहाजावर तो दाढीवाला आहे.

‘मिरर, मिरर’ 6 ऑक्टोबर 1967 रोजी दुसऱ्या हंगामात प्रसारित झाला. बरोबर एक वर्ष आधी, 6 ऑक्टोबर 1966 ला, याच मालिकेने ‘द एनिमी विदिन’ दाखवला होता. तिथे ट्रान्सपोर्टर किर्कचे दोन तुकडे करतो, एक सज्जन आणि एक हिंस्र, आणि निष्कर्ष असा निघतो की हिंस्र अर्ध्याशिवाय सज्जन अर्ध्याला साधा निर्णयही घेता येत नाही. म्हणजे वाईटपणा माणसाच्या आत. वर्षभराने मालिकेने तो उचलून बाहेर, व्यवस्थेत नेऊन ठेवला. जहाज तेच, माणसं तीच, फक्त बढती मिळवायची तर वरिष्ठाचा खून करायचा. त्या विश्वातला किर्क कप्तान झाला तो आधीच्या कप्तानाला मारून, आणि त्याच्या सेवापुस्तिकेत 5,000 वसाहतवाल्यांना देहदंड दिल्याची नोंद पराक्रम म्हणून आहे.

पटकथाकाराने समांतर विश्वाची कल्पना पन्नाशीच्या दशकातल्या स्वतःच्याच एका कथेतून घेतली होती. निर्मितीच्या हिशोबातही ती सोयीची होती. नवा ग्रह उभा करायला नको, त्याच सेटवर पृथ्वीत आरपार घुसलेल्या खंजिराचं चिन्ह लावायचं, सोनेरी कमरपट्टे बांधायचे आणि स्पॉकला बकरदाढी चिकटवायची. ती दाढी पुढे इतकी गाजली की विनोदी कार्यक्रमांत पात्राचा ‘दुष्ट जुळा’ दाखवायला नुसती दाढी पुरते. काळ व्हिएतनाम युद्धाचा होता. शांतताप्रिय हाल्कन लोक खनिज द्यायला नकार देतात म्हणून त्यांच्या शहरांवर मारा करायचा हुकूम निघतो, यातला इशारा तेव्हाच्या अमेरिकी प्रेक्षकाला उलगडून सांगावा लागला नसेल. 1968 च्या, विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराच्या नाट्य विभागात पाचही नामांकनं याच मालिकेच्या भागांना होती. त्यांत हाही होता, पण पुरस्कार गेला कालप्रवासाच्या भागाला. (आपल्याकडे दूरदर्शनने ऐंशीच्या दशकात ही मालिका दाखवली. मुंग्यामुंग्यांच्या पडद्यावर ही बकरदाढी कितपत दिसली असेल, कोण जाणे.)

आता वादाचा मुद्दा. परत निघायच्या आधी किर्क तिथल्या स्पॉकला सुनावतो की हे साम्राज्य टिकणार नाही. स्पॉकला ते मान्यच आहे. अंदाजे 240 वर्षांत ते कोसळेल असा त्याचा हिशोब आहे. मग तर्कनिष्ठ माणसाने या नासाडीत भागीदार का व्हावं, असं किर्क विचारतो. एकटा माणूस भविष्य आणू शकत नाही, असं स्पॉकचं उत्तर. एकटा माणूस वर्तमान बदलू शकतो, असं किर्कचं प्रत्युत्तर. त्यासाठी सत्ता हवी, असं स्पॉक म्हणतो, आणि मग किर्क त्याला कप्तानाच्या खोलीतल्या यंत्राची माहिती देतो. विचार करीन, एवढंच स्पॉक म्हणतो.

या प्रसंगाची आठवण काढणारे बहुतेक जण ते शेवटचं आश्वासन लक्षात ठेवतात आणि यंत्र विसरतात. ते टँटॅलस यंत्र म्हणजे काय? पडद्यावर माणूस शोधायचा, कळ दाबायची, माणूस गायब. आरसा-किर्क त्याच्याच जोरावर कप्तानपदी टिकून होता. आणि चांगल्या विश्वातला चांगला किर्क सुधारणेची सुरुवात करून देतो ती या गुप्त खुनाच्या हत्याराने! त्याच्या हाती वेळ नव्हता, हे खरं. तरीही 1967 च्या पटकथेत हा पेच उघड्यावर ठेवलेला आहे, पुढच्या कुणी तो मागाहून घुसडलेला नाही.

सत्तावीस वर्षं त्या ‘विचार करीन’चं काय झालं ते पडद्यावर कुणी सांगितलं नाही. छापील माध्यमांनी सांगितलं, पण वेगळंच. 1984-85 च्या कॉमिक मालिकेत साम्राज्य ठणठणीत असून आपल्या विश्वावर चाल करून येतं. 1993 च्या कादंबरीत तर ते ‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतल्या पुढच्या पिढीच्या जहाजापर्यंत टिकलेलं आहे. दोन्हींचा सूर असा की स्पॉकचा प्रयत्न फसला आणि दुष्ट दुष्टच राहिले. मे 1994 मध्ये ‘डीप स्पेस नाइन’चा ‘क्रॉसओव्हर’ आला आणि त्याने नेमकं उलट सांगितलं: स्पॉक यशस्वी झाला. तो साम्राज्याचा प्रमुख बनला, शस्त्रं कमी केली, शांततेचा पुरस्कार केला. आणि त्यामुळेच, क्लिंगॉन आणि कार्डासियन या परग्रही सत्तांची युती चालून आली तेव्हा साम्राज्याकडे लढायला बळ उरलं नव्हतं. माणसं गुलाम झाली आणि खनिज कारखान्यात राबू लागली. ही हकीकत सांगते ती आरसा-विश्वातली किरा, म्हणजे जेत्यांच्या बाजूची अधिकारी, आणि सांगताना किर्कचं नाव घेते.

यावर तेव्हापासून तक्रार आहे की चांगुलपणाला शिक्षा दिली, शस्त्रं खाली ठेवणारा मूर्ख ठरवला, मूळ भागाची आशा मोडीत काढली. तक्रार अगदीच पोकळ नाही. ही मालिका पुढे डोमिनियन या शत्रुसत्तेशी झालेल्या युद्धाकडे वळली, आणि ‘तयारीत नसाल तर मराल’ हा तिचा सूर इथेच ऐकू येतो. पण माझ्या मते लेखकांनी इथे मूळ पटकथा तिच्या चाहत्यांपेक्षा बारकाईने वाचली होती. पाहुण्याने अर्ध्या तासाच्या ओळखीवर दुसऱ्याच्या राज्यात क्रांती सुचवावी, तिचं हत्यारही दाखवावं आणि परिणाम भोगायला थांबू नये, तर पुढे काय होईल? शिवाय साम्राज्याने शतकभर ज्यांना चिरडलं, ते शेजारी सुधारणेच्या घोषणा ऐकून शांत बसले असते, असं कशावरून? सूडाची ही बाजू त्या मालिकेने पुरेशी दाखवली नाही, हा मात्र तिचा दोष. नंतरच्या चार फेऱ्यांत आरसा-विश्वाचा बराचसा तमाशा झाला आणि मूळ प्रश्न कातडी पोशाखांच्या गर्दीत हरवला.

2005 मध्ये ‘एंटरप्राइज’ या मालिकेने एप्रिलच्या शेवटी दोन भागांत आरसा-विश्वाचा भूतकाळ दाखवला. परग्रहवासीयांशी झालेल्या पहिल्या संपर्काच्या वेळी, 2063 मध्ये, माणूस उतरलेल्या व्हल्कन पाहुण्याला गोळी घालतो आणि त्याचं जहाज लुटतो. मालिकेची शीर्षकंही बदलून युद्धाच्या दृश्यांची केली होती. खेळ म्हणून भाग फर्मास आहेत. आपल्या विश्वातलं एकही पात्र तिकडे जात नाही, फक्त 1968 च्या एका भागात हरवलेलं जहाज तिथे सापडतं. पण शेवटी सत्ता एकीकडून दुसरीकडे जाते एवढंच. चांगलं-वाईट हा विषयच उरत नाही.

‘डिस्कव्हरी’ या मालिकेने 2017-18 मध्ये आणखी एक पायरी उतरली: आरसा-विश्वातल्या माणसांना प्रकाश सोसत नाही, आणि त्यावरूनच आपल्यातला कप्तान तिकडचा असल्याचं उघड होतं. कथेतला धक्का चांगला बसतो. पण 1967 चा अख्खा युक्तिवाद होता की ती माणसं आपल्यासारखीच आहेत. त्यांच्यात शारीरिक फरक घातला की वाईटपणा जन्माचा वाटू लागतो.

त्याच मालिकेने डिसेंबर 2020 मध्ये थोडी भरपाई केली. आरसा-सम्राज्ञी जॉर्जूला स्वतःच्या दरबारात परत जायची संधी मिळते. ती दत्तक मुलीला मारण्याऐवजी वळवू पाहते, गुलामाला माणूस म्हणून वागवते, आणि तरी शेवट रक्तपातातच होतो. पण तिला परत पाठवून तिची परीक्षा घेणारा निकाल बघत नाही, तिने प्रयत्न केला हे बघतो आणि तिला पुढे जाऊ देतो. 1994 च्या स्पॉकला हा मापदंड कुणी लावला नव्हता.