अडीच सुताचा न बसणारा बोल्ट

सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीची मोटार अर्धवट खोललेल्या अवस्थेत हाती येते, तेव्हा तिच्याबरोबर हमखास एक-दोन पत्र्याचे डबे येतात. वाळलेल्या ग्रीसच्या थराखाली त्यांत स्प्रिंगा, वायसर, कुठल्याशा झाकणाचा तुकडा आणि शेकडो नटबोल्ट पडलेले असतात, आणि ते गाडीच्या कोणत्या भागातून निघाले हे सांगणारे कोणीही उरलेले नसते. या अनोळखी भागांची ओळख पटवून ते पुन्हा जागेवर बसवणे हे मला मोटारीच्या जीर्णोद्धारातले सर्वांत विज्ञाननिष्ठ काम वाटते. इथे अंदाज बांधावा लागतो, पण तो मोजमापाने तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एमजी टीसी ही गाडी याचे उत्तम उदाहरण आहे. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात या दोन आसनी, उघड्या मोटारीचे सुमारे १०,००० नग तयार झाले. तिच्या १२५० सीसी इंजिनाचे नाव एक्सपीएजी. या इंजिनातला एखादा बोल्ट हाती घेतला, तर त्याच्या षट्कोनी डोक्याला त्या काळचा इंग्लिश व्हिटवर्थ, म्हणजे इंचाच्या मापांच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीचा, पाना चपखल बसतो. डोक्याची रुंदी सुमारे १३.३ मिलिमीटर असल्यामुळे आजचा १३ नंबरचा पाना त्यावर चढत नाही आणि १४ नंबरचा पाना सैल पडून कोपरे झिजवतो. बोल्टाची जाडी आठ मिलिमीटरच्या आसपास भरते. आपल्याकडचे मिस्त्री एक अष्टमांश इंचाला ‘एक सूत’ म्हणतात. त्या हिशेबाने हा बोल्ट अडीच सुताचा, म्हणजे ७.९४ मिलिमीटरचा असावा, असे कोणालाही वाटेल. झिजलेल्या आणि गंजलेल्या बोल्टावर ७.९४ आणि ८ यांतला फरक कॅलिपरने खात्रीने सांगता येत नाही. गाडी इंग्लिश, डोके इंग्लिश, तेव्हा बोल्टही इंचाचाच, असा निष्कर्ष काढून माणूस मोकळा होतो आणि तिथेच फसतो.

खरी साक्ष आट्यांमध्ये असते. अडीच सुताच्या बोल्टाला जुन्या ब्रिटिश बारीक आट्यांच्या पद्धतीत इंचाला २२ आटे असतात, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर १.१५५ मिलिमीटर; तर ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये स्वीकारलेल्या युनिफाइड पद्धतीतल्या बारीक मालिकेत इंचाला २४ आटे, म्हणजे १.०५८ मिलिमीटर. आपल्या बोल्टावर हे अंतर बरोबर एक मिलिमीटर असते. एकच आटा मोजला तर हा फरक हाती लागणे कठीण आहे, म्हणून दहा आट्यांची लांबी एकत्र मोजायची. ती दहा मिलिमीटर भरते, की १०.६, की ११.५, हे साध्या व्हर्नियरवरही स्पष्ट दिसते. पिच गेजची, म्हणजे आट्यांमधले अंतर ओळखण्याच्या मापकाची, दातेरी पट्टी बोल्टाला लावून उजेडासमोर धरली, तर चुकीच्या पट्टीच्या दातांमधून प्रकाशाच्या फटी डोकावतात आणि योग्य पट्टी आट्यांत बुडून जाते.

या बोल्टावर युनिफाइड आट्यांचा नट फिरवून पाहिला, तर पहिले दोन-तीन फेरे तो बोटांनीच सहज जातो. मात्र प्रत्येक फेऱ्यागणिक दोन्हींच्या आट्यांत ०.०५८ मिलिमीटरची तफावत साठत जाते, पाचव्या फेऱ्यापर्यंत ती ०.२९ मिलिमीटर होते आणि नट अडकतो. या क्षणी पाना लावून जोर करण्याचा मोह आवरलाच पाहिजे. इंजिनाचा ठोकळा बिडाचा असतो. बीड ठिसूळ असल्यामुळे त्यातले आटे वाकण्याऐवजी तुकडे होऊन गळतात.

इंग्लिश इंजिनात मिलिमीटरचे आटे आले कुठून? हॉचकिस ही पॅरिसजवळच्या सां-दनी इथली शस्त्रास्त्रे बनवणारी कंपनी. पहिल्या महायुद्धात तिने इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे मशीनगनचा कारखाना उभारला. युद्ध संपल्यावर तिथे विल्यम मॉरिस यांच्या गाड्यांसाठी इंजिने बनू लागली आणि १९२३ मध्ये मॉरिस यांनी तो कारखानाच विकत घेतला. तिथली यंत्रे आणि हत्यारे फ्रेंच मापांची होती. ती सगळी बदलणे खर्चाचे असल्यामुळे आटे मिलिमीटरचेच राहिले. पण गॅरेजवाल्यांकडे पाने इंचाचे, म्हणून डोकी मात्र व्हिटवर्थ मापाची ठेवली गेली. एमजीही मॉरिस यांच्याच समूहातली, त्यामुळे तीच परंपरा एक्सपीएजीपर्यंत चालत आली.

हे एकदा समजले की डब्यातला ढीग आपोआप विभागला जातो. डोके व्हिटवर्थ आणि आटे मिलिमीटरचे असतील, तर तो बोल्ट इंजिनाच्या बाजूचा. दोन्ही इंचाचे असतील, तर सांगाड्याचा किंवा बॉडीचा. पुढची ओळख खुणांवरून पटते. डोक्याखालची चकचकीत कडी वायसर किती रुंद होता ते सांगते, आणि दांड्याचा न गंजलेला पट्टा बोल्टाने किती जाडीचा भाग आवळून धरला होता ते सांगतो. दुकानातला आजचा आठ मिलिमीटरचा बोल्ट इथे चालत नाही, कारण त्याच्या आट्यांचे अंतर बहुधा १.२५ मिलिमीटर असते. तो बसावा म्हणून मूळ भोकात नवे आटे पाडणे मला अजिबात मान्य नाही. लेथवर एक मिलिमीटरच्या आट्यांचा बोल्ट करून घेता येतो, पण खरवडलेले बीड परत येत नाही.

धातू ओळखण्यासाठी आर्किमिडीजची रीत आजही पुरेशी आहे. भाग आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलला की घनता मिळते. ती पाण्याच्या तुलनेत २.७ पटीच्या आसपास असेल तर अ‍ॅल्युमिनियम, ६.७ च्या जवळ असेल तर जस्ताचे ओतकाम, ८.५ असेल तर पितळ. जस्ताच्या बाबतीत सावध राहावे लागते. जुन्या ओतकामात शिशाचा अगदी थोडा अंश मिसळलेला असेल, तर दमट हवेत धातूच्या कणांच्या सीमा कुजतात, भाग फुगतो आणि त्याला तडे जातात. अशा भागाचे आजचे माप हे त्याचे मूळ माप नसते.

डब्याच्या तळाशी कधी कधी पितळी, निमुळत्या सुया सापडतात. त्या एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पुरवणाऱ्या भागाच्या, असतात आणि टीसीला असे दोन कार्ब्युरेटर असतात. हवेच्या ओघाने आतला पिस्टन उचलला जातो, त्याला अडकवलेली सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक नळीतून, वर सरकते आणि तिच्याभोवतीची पेट्रोलची वाट रुंदावते. सुईच्या बुंध्यावर तिची ओळख ठोकलेली असते. टीसीची मूळ सुई ‘ईएस’. अक्षरे पुसली गेली असतील, तर मायक्रोमीटरने दर एक अष्टमांश इंचावर, म्हणजे आपल्या एकेका सुतावर, जाडी मोजायची आणि आकड्यांची ती रांग कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहायची. जेटचे भोक ०.०९० इंच आणि सुईची वरची जाडी ०.०८९ इंच असते, त्यामुळे भोवतालची फट केसाहूनही बारीक उरते.

म्हणून सुई बसवताना तिचा खांदा पिस्टनच्या खालच्या पृष्ठभागाशी समतल ठेवतात आणि जेटची नळी अगदी मध्यावर आणून मगच तिचा नट आवळतात. त्यानंतर पिस्टन बोटाने वर उचलून सोडायचा. जेट तसूभरही कलला असेल तर सुई घासते आणि पिस्टन मुकाट्याने, अडखळत खाली येतो. सगळे जमून आले असेल, तर तो एका लयीत खाली येऊन ‘टक’ असा स्वच्छ आवाज करत टेकतो.